फांसा कोणीं टाकावा ?

गेल्या दिवाळींत माझीं तीन नातवंडें पुण्याहून जेऊरला आलीं, तीं आपल्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि पिशवीभर रंगीत फांसे घेऊन. रात्रीं जेवणें उरकल्यावर त्यांनीं ओटीवर सतरंजी पसरली व खेळ मांडला. खेळ म्हणजे एक गोष्टच होती. फरक एवढाच कीं, ती एकानें सांगावयाची व इतरांनीं ऐकावयाची अशी नव्हती. थोरला नातू सूत्रधार. तो प्रसंग सांगे. नात धनुर्धारिणी व धाकटा नातू खड्गधारी योद्धा; आपापलीं पात्रें काय करतात हें तीं दोघें सांगत; आणि जेथें यश येईल कीं अपयश हें अनिश्चित असे, तेथें वीस पृष्ठांचा एक फांसा टाकून निकाल लावीत.

नातीनें बाण सोडला तेव्हां फांसा तिनेंच टाकला. हें मला रीतसर वाटलें. थोड्या वेळानें शत्रूकडील मांत्रिकानें धाकट्याच्या अंगावर आगीचा गोळा फेंकला. आतां सूत्रधार त्या मांत्रिकाच्या वतीनें फांसा टाकणार, असें मी धरून चाललों होतों. परंतु त्यानें फांसा धाकट्याच्या हातीं दिला व म्हटलें, "टाक." मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, "अरे, मार त्याचा आणि फांसा ह्याचा, हा कोठला न्याय ?" धाकटा म्हणाला, "आजोबा, हा बचावाचा फांसा आहे." "मग बाणाच्या वेळीं बचावाचा फांसा कां नव्हता ?" ह्यावर तिघेंहि एकमेकांकडे पाहूं लागलीं. शेवटीं थोरला म्हणाला, "नियमच तसा आहे, आजोबा."

नियमच तसा आहे, हें उत्तर मीं शाळेंत तीस-पस्तीस वर्षें मुलांना दिलें आहे. तें स्वतःला ऐकावें लागलें तेव्हां कळलें कीं, तें उत्तर नसून प्रश्न टाळण्याची युक्ति आहे. म्हणून ह्या नियमाचा इतिहास मीं मिळवून वाचला; आणि वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न केवळ पोरांच्या खेळाचा नाहीं. संकट एकावर येतें. तें लागलें कीं टळलें हें ठरविणारा फांसा, संकट आणणाराच्या हातीं असावा कीं ज्याच्यावर तें येतें त्याच्या हातीं असावा, असा तो प्रश्न आहे. आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील जुन्या खेळांत ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा एकच असे. सोंगट्यांचा पट आपल्यापैकीं पुष्कळांनीं वडीलधाऱ्यांच्या घरीं पाहिला असेल. त्याचे फांसे लांबट, चार पृष्ठांचे. त्यांवर एक, दोन, पांच व सहा अशीं टिंबें असतात. ज्याचा डाव त्यानें दान टाकावें आणि दान जुळलें तर दुसऱ्याची सोंगटी मारावी. जिच्यावर घाव येतो त्या सोंगटीच्या धन्याला त्या क्षणीं कांहींच करतां येत नाहीं. त्यानें आपली काळजी आधींच घ्यावयाची. दोन सोंगट्या एकाच घरांत आणून जुग बांधलें म्हणजे पुष्कळ घरच्या नियमांप्रमाणें तें मारतां येत नाहीं. जुग फुटलें कीं एकटी सोंगटी उघडी पडते. सारांश, मारणाराच्या हातीं फांसा आणि मार खाणाराच्या हातीं केवळ पूर्वतयारी.

हा खेळ आपल्या प्रांतांत फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य आमच्या सोलापूरकडील मुलखावर होतें. त्या घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत राजानें करावयाच्या क्रीडा सांगतांना फांशांच्या व कवड्यांच्या खेळांस स्वतंत्र स्थान दिलें आहे. त्याच्याहि कित्येक शतकें आधीं वेरूळच्या रामेश्वर लेण्यांत आणि धुमार लेण्यांत शिल्पकारांनीं शिवपार्वती द्यूत खेळत असल्याचे देखावे कोरले. परंतु तें नवराबायकोचें लटकें भांडण. द्यूताचें खरें भयानक रूप पाहावयाचें तर महाभारतांतील सभापर्वाकडेच वळलें पाहिजे.

त्या सभेंत पण दुर्योधनानें लावावयाचा आणि फांसे शकुनीनें टाकावयाचे, असें ठरलें. एकाच्या वतीनें दुसऱ्यानें खेळणें योग्य नव्हे, अशी हरकत युधिष्ठिरानें आरंभींच घेतली. परंतु ती घेऊनहि तो खेळावयास बसला. पुढें प्रत्येक डावाचें वर्णन जवळजवळ एकाच सांच्याचें आहे. युधिष्ठिर पण लावतो, शकुनि फांसे टाकतो, आणि जिंकलें असें म्हणतो. धन गेलें, राज्य गेलें, भाऊ गेले, स्वतः धर्मराज गेला, द्रौपदी गेली. ह्या साऱ्या वर्णनांत युधिष्ठिराच्या हातून दान पडल्याचें दिसत नाहीं. शकुनीचें कपट कपट म्हणून आपण नेहमीं निंदितों; परंतु फांसे अगदीं सरळ असते तरी त्या सभेची मांडणी न्यायाची झाली नसती असें मला वाटतें. ज्यांचें सर्वस्व जावयाचें होतें त्यांच्या हातीं फांसाच नव्हता. त्या सभेंत स्वतःच्या बचावासाठीं कोणीं कांहीं केलें असेल तर तें द्रौपदीनें. धर्मराज आधीं स्वतःला हरले कीं आधीं मला, हा तिचा प्रश्न म्हणजे तिचा बचावाचा फांसा होय. त्या प्रश्नाचें उत्तर सभेंतील वडीलधाऱ्यांना देतां आलें नाहीं. आणि अखेरीस धृतराष्ट्राकडून जे वर मिळाले तेहि तिलाच मिळाले.

महाभारतांतच ह्या दोन तऱ्हांच्या फांशांचा भेद समजावून देणारे दोन प्रसंग आहेत. कर्णपर्वांत कर्ण अर्जुनाच्या मस्तकावर नेम धरून सर्पमुख बाण सोडतो. कृष्ण रथ दाबून भूमींत थोडा खालीं नेतो, आणि बाण मस्तकाऐवजीं किरीट घेऊन जातो. येथें सारा प्रश्न नेमाचा. बाण लागला तर प्राण जावयाचा, चुकला तर कांहींच नाहीं. दुसरा प्रसंग द्रोणपर्वांतला. पित्याच्या वधानें संतापलेला अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. हें अस्त्र एकावर नेम धरून सोडलेलें नसतें. तें सर्व सैन्यावर येतें, आणि जो जितका प्रतिकार करील त्याच्यावर तितकें अधिक चवताळतें. कृष्ण सर्वांस वाहनांवरून उतरून शस्त्रें खालीं ठेवण्यास सांगतो. जे ऐकतात ते वांचतात. भीम ऐकत नाहीं व ज्वाळांनीं वेढला जातो, आणि कृष्णार्जुनांना त्याला ओढून खालीं उतरवावें लागतें. येथें अश्वत्थाम्याचा नेम चांगला कीं वाईट हा प्रश्नच उद्भवत नाहीं. अस्त्र येणार हें ठरलेलें. प्रश्न एवढाच कीं, ज्याच्यावर तें आलें तो कसा वागतो. पहिल्या प्रसंगीं फांसा बाण सोडणाराचा, दुसऱ्या प्रसंगीं संकटांत सांपडलेल्याचा. माझ्या नातवंडांच्या खेळाचा सारा नियम ह्या दोन वाक्यांत आला.

आतां हा नियम त्या खेळांत कसा शिरला तें पाहूं. त्यासाठीं एकदम महाभारतांतून युरोपांत जावें लागतें, कारण ह्या खेळाचे पूर्वज तिकडील युद्धखेळ होत. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांनीं काढलेल्या युद्धखेळांत सुधारणा करून, १८२४ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याचे ठोकळे मांडावयाचे, एका पंचानें निर्णय द्यावयाचा, आणि गोळीबारानें किती माणसें पडलीं हें फांशानें ठरवावयाचें. अधिकाऱ्यांना युद्धाचें शिक्षण मिळावें हा त्याचा हेतु होता. पुढें १९१३ सालीं प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स ह्यानें घरांत खेळण्याच्या युद्धखेळाचें 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक लिहिलें. त्यांत तोफांच्या माऱ्यासाठीं फांसाच नाहीं. खेळण्यांतल्या स्प्रिंगच्या तोफेनें शत्रूच्या शिशाच्या शिपायांवर खरोखरच नेम धरावयाचा, आणि जो पडला तो मेला. दोन्ही खेळांत शिपाई आपल्या बचावासाठीं कांहींच करीत नाहीं. शेंकडों शिपायांच्या खेळांत तें चालून जातें. त्यांपैकीं एकाचेंहि नांव आपल्याला ठाऊक नसतें.

ही स्थिति अमेरिकेंत बदलली. १९७१ सालीं गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन ह्यांनीं मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे 'चेनमेल' ह्या नांवाचे नियम छापले व त्यांना अद्भुतकथांतील राक्षस, मांत्रिक व वीर ह्यांची एक पुरवणी जोडली. मांत्रिक अग्निगोल टाकी, त्यांत सामान्य शिपाई जळून जात. परंतु वीरासारख्या मातबर पात्रांस फांसा टाकून वांचण्याची संधि असे. पुढें जानेवारी १९७४ मध्यें गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें बाहेर काढला. माझीं नातवंडें खेळत होतीं तो हाच. ह्यांत खेळणारानें सैन्य न चालवितां एकच पात्र चालवावयाचें, त्याला नांव द्यावयाचें, महिनोन्‌महिने त्याला वाढवावयाचें. असें पात्र दुसऱ्याच्या एका दानानें नाहींसें होणें कोणाला सहन होईल ? म्हणून दोन्ही फांसे त्यांत आले. तलवार व बाण ह्यांसाठीं मारणारानें वीस पृष्ठांचा फांसा टाकावयाचा व समोरच्याचें चिलखत जितकें चांगलें तितका मोठा आंकडा पाडावयाचा. ह्याला 'अटॅक रोल' म्हणतात, आपण नेमाचा फांसा म्हणूं. विष, जादूच्या कांड्या, दगड होणें, अजगराचा श्वास आणि मंत्र, अशा पांच वर्गांच्या संकटांत मात्र ज्याच्यावर संकट आलें त्यानें टाकावयाचा. हा 'सेव्हिंग थ्रो', म्हणजे बचावाचा फांसा.

ह्या पहिल्या नियमांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बचावास किती आंकडा लागेल हें बचाव करणाराचा पेशा व अनुभव ह्यांवरून ठरे. मंत्र टाकणारा नवशिका आहे कीं महामांत्रिक, ह्याचा त्यांत विचार नसे. म्हणजे तो फांसा सर्वस्वी बचाव करणाराचाच होता. ह्यावर टीका होई. साखळदंडांनीं खडकाला जखडलेला माणूस अजगराच्या अग्निश्वासांतून कसा वांचेल, असा आक्षेप घेत. गायगॅक्सनें १९७९ सालच्या सूत्रधारांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत त्याला उत्तर दिलें, त्याचा भावार्थ असा : कां वांचूं नये ? खडकाला एखादी चीर असेल, साखळी ऐन वेळीं तुटली असेल. कसा वांचला हें नंतर ठरवितां येईल, परंतु वीराला शेवटची एक संधि नाकारूं नये. कथेच्या नायकाचा हा हक्क आहे, असें त्याचें म्हणणें. मला हें उत्तर फार आवडलें. तर्कानें तें लंगडें असेल, परंतु माणसाच्या बाजूचें आहे.

पुढील आवृत्तींत पारडें इकडून तिकडे झुकत राहिलें. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत पांच वर्ग जाऊन शरीराची तग, चपळाई व मनोबल असे तीनच बचाव राहिले, आणि किती आंकडा पाडावयाचा हें ठरवितांना मांत्रिकाचें बळ हिशेबांत आलें. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें तर बचावाचा फांसा त्या जागेवरून उठविला. तग, चपळाई व मनोबल हे चिलखताप्रमाणें ठराविक आंकडे झाले, आणि बाण असो वा मंत्र, फांसा नेहमीं हल्ला करणारानेंच टाकावयाचा असें ठरलें. 'सेव्हिंग थ्रो' हें नांव उरलें, पण तें अंगावर जडलेली पीडा नंतर झटकून टाकण्यापुरतें. हिशेब सुटसुटीत झाला. म्हणजे आपल्या सोंगट्यांचाच न्याय पुन्हां आला. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें दोन्ही फांसे पुनः आपापल्या जागीं बसविले, आणि २०२४ सालच्या सुधारणेंतहि ते तसेच राहिले आहेत.

आतां कोणी म्हणेल, फांसा एकानें टाकला काय आणि दुसऱ्यानें टाकला काय, संभव तेवढाच राहणार ! मास्तराच्या संवयीनें मीं पाटी घेऊन हिशेब केला. समजा, मांत्रिकाचें बळ ५ आहे. लक्ष्याची चपळाई २ आहे व त्याच्या अंगावर चिलखत नाहीं. नेमाच्या मंत्रांत लक्ष्याचा संरक्षणाचा अंक १० अधिक २, म्हणजे १२. मांत्रिकानें पाडलेल्या दानांत त्याचे ५ मिळवून १२ किंवा अधिक झाले पाहिजेत. म्हणजे फांशावर ७ किंवा अधिक. वीस पृष्ठांपैकीं १४ मांत्रिकाच्या बाजूचीं झालीं. बचावाच्या मंत्रांत मांत्रिकाचा अंक ८ अधिक ५, म्हणजे १३. लक्ष्यानें आपल्या दानांत २ मिळवून १३ गांठावयाचे. म्हणजे फांशावर ११ किंवा अधिक. येथें मांत्रिकाच्या बाजूचीं पृष्ठें १० च राहिलीं. शिवाय दोन्हीकडे बरोबरी झाली तर जय फांसा टाकणाराचा, हेंहि लक्षांत ठेवावें.

मग बचावाचा मंत्र दुबळा ठरला काय ? नाहीं. नेम चुकला तर मांत्रिकाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. परंतु अग्निगोलासारख्या मंत्रांत बचाव साधला तरी अर्धी होरपळ सोसावीच लागते. अग्निगोलाची इजा सहा पृष्ठांच्या आठ फांशांची. तिची सरासरी २८. एवढीच इजा नेमाच्या मंत्रानें होते असें मानलें, तर वीसांपैकीं १४ वेळां २८, म्हणजे सरासरी १९.६. त्यांत आणखी एक भर : नेमाच्या फांशावर वीस पडले तर इजेचे फांसे दुप्पट होतात. वीसांतून एकदां २८ ची ही भर, म्हणजे १.४, बेरीज २१. आतां बचावाकडे पाहा : निम्म्या वेळां २८ व निम्म्या वेळां १४, म्हणजे सरासरी तीच २१. आंकडे बदलले कीं ही बरोबरी राहणार नाहीं. पण ह्या उदाहरणांत ती तंतोतंत उतरलेली पाहून मला गंमत वाटली. सरासरी एक असली तरी अनुभव एक नाहीं. एकांत सर्व किंवा शून्य. दुसऱ्यांत झळ लागतेच, पण ती किती हें अंशतः आपल्या हातीं.

हे दोन फांसे एकमेकांपासून अगदीं अलगहि नसतात. जाड चिलखत घातलेल्या योद्ध्यावर बाण वाया जातात. परंतु मन बांधून टाकणाऱ्या मंत्रापुढें तें लोखंड कुचकामाचें. तेथें त्यानें मनोबलाचा फांसा टाकावयाचा. तो फसला व योद्धा जागच्या जागीं खिळला, कीं त्याच्यावर नेम धरणारास दोन फांसे टाकून मोठा तो घेण्याची मुभा मिळते, आणि चपळाईचा बचाव तर फांसा न टाकतांच बुडतो. म्हणजे एक बचाव ढळला कीं पुढच्या घावांना वाट मोकळी. उलट भिंतीचा आडोसा घेतला तर नेम चुकविण्यासहि मदत होते व आगीपासून अंग चोरण्यासहि. आणि आशीर्वादाचा एक मंत्र असा आहे कीं, तो सोबत्यांच्या नेमासहि बळ देतो व बचावासहि. एक लहानसा मंत्र मात्र असा आहे कीं, त्याला दोन्हीहि फांसे लागत नाहींत. त्याचे तीर लागतातच. प्रारब्ध म्हणतात तें असेंच कांहीं असावें.

हा सारा इतिहास वाचतांना मला एक जुनी गोष्ट वरचेवर आठवत होती. माझ्या वर्गांत एका मुलाचे फीचे पैसे नाहींसे झाले. सर्वांनीं एका मुलाकडे बोट दाखविलें. तो कांहीं सांगूं पाहत होता. मीं त्याला बोलूं दिलें नाहीं व छडी घेतली. तासाभरानें पैसे ज्याचे त्याच्याच वहीच्या पुठ्ठ्यांत सांपडले. माझा तर्क तेव्हां वावगा नव्हता. सर्व पुरावा त्या मुलाच्या विरुद्धच होता. परंतु त्या दिवशीं वर्गांतला एकुलता एक फांसा माझ्या हातीं होता, आणि ज्याच्या हातावर छडी बसावयाची होती त्याला मीं तो टाकूं दिला नाहीं. त्यानें टाकला असता तरी दान पडलेंच असतें असें नाहीं. पण मग निदान तें त्याचें दान झालें असतें.

म्हणून थोरल्या नातवाला मीं आतां त्याच्या नियमाचें कारण सांगितलें आहे. बाण सोडणें हें सोडणाराचें कौशल्य, म्हणून तेथें फांसा त्याचा. आग सर्वांवर सारखीच येते, तिच्यांतून निघणें हें निघणाराचें कौशल्य, म्हणून तेथें फांसा ह्याचा. त्याला तें पटलें. धाकट्याला कारणाशीं कर्तव्य नव्हतें. वर हिशेबांत घेतलेले आंकडे त्याच्याच त्या रात्रीच्या प्रसंगाचे आहेत. रात्रीच्या मुक्कामांत त्याच्या योद्ध्यानें चिलखत उतरून ठेवलें होतें. त्याचा फांसा सतरंजीवर घरंगळत जाऊन अकरावर थांबला. अकरा आणि दोन तेरा, अगदीं काठावर. अर्धा भाजला, पण वांचला. आणि टाकला कोणीं हें आम्हां सर्वांना तो दिवाळी संपेपर्यंत सांगत होता.